गराडूचं दुसरं वर्ष

बापूकाका,

महिन्यापूर्वीच्या त्या रविवारी मी सुदामा नगरातून निघाले, तेव्हा दारापर्यंत येऊन तुम्ही विचारलंत, "मग मास्टरनीजी, आपला माणूस काय करून राहिलाय आजकल?" मी वाकून चपलेचा पट्टा लावत होते. म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगते, आज पेपर तपासायचेत." मान खाली घालूनच म्हणाले. गिरणीच्या साचेखात्यातल्या, म्हणजे मागांच्या, आवाजानं तुमचे कान केव्हाच गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तुम्ही ऐकायचात, आणि हे मला शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे मी काय म्हणाले ते तुमच्यापर्यंत पोचलंच नसणार. तुम्ही फक्त हसून हात हलवलात. गुरुवारी तुम्ही गेलात.

माझ्याजवळ तेव्हा उत्तर तयार नव्हतं, हे खरं. पण ते बनवायला मला किती वेळ लागला असता? रिक्षा मिळेपर्यंत बनलं असतं. इतकी वर्षं बनवतच आले होते. पेपर तर अजूनही तसेच पडलेत.

तुमच्याशी बोलायचं राहिलेलं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट मी मुद्दाम दडवली होती. ती सांगायची तर छत्रीबागेतल्या आपल्या ओट्यापासून सांगायला हवी.

तुमची गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यात मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वडील रेल्वेत कारकून, घरात आम्ही सहा जण, अभ्यासाला जागा म्हणून ओटा. तुमचा नि आमचा ओटा एकच. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं, तरी दुपारी अडीच वाजले की तुम्ही हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून तयार व्हायचात. तीनची पाळी. काकूसुद्धा सवयीनं डबा भरायच्या. मग तुम्ही डबा घेऊन उंबरा ओलांडायचात आणि ओट्यावर बसायचात. पुढे जायला काही नव्हतंच. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, हे आता कबूल करते. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पुस्तकात डोकं खुपसून बसायला लागले, कारण तुमच्याकडे बघवेना.

तुम्हीच आधी बोललात. "काय वाचून राहिली आहेस इतकं?"

"आफ्रिकेतली कादंबरी आहे. परीक्षेला लागलीय."

"मतलब, तिकडच्या लोकांबद्दल गोऱ्यानं लिहिलेली?"

"नाही. तिकडच्याच माणसानं लिहिलीय. एक गाव असतं. त्यांचे देव, त्यांची शेती, त्यांचे पंच. मग गोरे येतात. आधी प्रार्थनेला घर बांधतात, मग शाळा काढतात, मग कचेरी."

"आणि मग गाव मोडतं," तुम्ही म्हणालात. पुस्तक न वाचता. मी परीक्षेसाठी त्यावर चार पानी उत्तर पाठ करून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं. साचेखात्यातला तुमचा एक जुना जोडीदार आदल्या आठवड्यात गेला होता, आपल्या हातानं. काकू म्हणाल्या, "ह्यांना एकटं सोडायला भीती वाटते गं. ते पुस्तक ह्यांना वाचून दाखवत जा ना तीन वाजता. तुझा अभ्यास पण होऊन जाईल." त्यांचा हात माझ्या मनगटावर होता.

मग रोज तीन वाजता आपली पाळी सुरू झाली. मी इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठी सांगायची. तुम्ही शेजारी कधी बसला नाहीत, समोर बसायचात, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मला वाटायचं ओठ बघताहेत. पहिल्या दिवशी फार संकोच झाला. तुमच्या खात्यात दोनशे साच्यांच्या खडखडाटात तुम्ही लोक एकमेकांशी हातवारे आणि ओठांवरच बोलायचात, आणि बोलताना तोंड फिरवणं तिथं मोठा अपमान समजत, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत.

त्या कादंबरीतला मुख्य माणूस म्हणजे कंदाच्या शेतीवर नाव कमावलेला, तापट, कुणापुढे न वाकणारा. तो कंद म्हणजे काय यावरच आपलं पहिलं भांडण झालं. मी शब्दकोशात बघून ‘सुरण’ म्हणत होते. दोन दिवस तुम्ही ऐकून घेतलंत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "हे काही जमून नाही राहिलं. सुरणानं घसा खवखवतो. त्याच्यावर कोणी इज्जत लावतं का? वेल चढते म्हणतेस, आधाराला काठ्या रोवतात म्हणतेस. अरे, हे तर आपलं गराडू आहे."

मी शब्दकोशाची बाजू घेऊन तासभर भांडले. मग विद्यापीठात जाऊन वनस्पतिशास्त्राच्या बाईंना विचारलं. तुमचंच बरोबर निघालं. ज्या गराडूचे तळलेले तुकडे मसाला-लिंबू मारून आपण सराफ्यात गाड्यांवर उभ्यानं खातो, त्याच्याच जातभाईवर तिकडे माणसाची पत ठरत होती. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "मग हे आपलेच लोक झाले." त्या दिवसापासून तुम्ही त्या माणसाला ‘आपला माणूस’ म्हणायला लागलात. त्याचं नाव तुमच्या जिभेवर बसतही नव्हतं.

पण खरं भांडण पुढे होतं. मला तो माणूस मूर्ख वाटायचा. तरुण होते, तोंडाळ होते. मी म्हणायचे, जग बदलतंय ते ह्याला दिसत नाही का? थोडं वाकायला काय होतं? तुम्ही चिडायचात. "वाक म्हणणं सोपं आहे मास्टरनीजी. तो अडेल नाही. त्याला दुसरं काही येत नाही. ज्याच्यात तो चांगला होता ते कोणाला नकोच असेल, तर तो वाकून जाणार कुठं?" आपण कादंबरीबद्दल बोलतोय असं दोघंही दाखवायचो. रोज फाटकावर एक टेबल लागत होतं, हिशोब घ्या आणि नोकरी सोडल्याची सही करा म्हणून. तुमच्या खात्यातले लोक एकेक करून सही करून येत होते आणि तुम्ही जात नव्हतात.

एकदा मी फारच उर्मटपणा केला. म्हणाले, "तुमची गिरणी तरी कुठं आपली होती? साचे विलायतेहून आले. ते आले तेव्हाही कोणाचं तरी मोडलंच असेल." तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही डब्याची कडी लावलीत. मग म्हणालात, "माझे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. घोडा गेला, पगार गेला, आणि माझे वडील गिरणीत लागले तर आजोबा तीन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. आजोबा गिरणीला शिव्या द्यायचे, आणि मी गिरणीसाठी रडून राहिलोय. माझा नातू कशासाठी रडेल, भगवान जाने." त्यानंतर इतकी वर्षं मी वर्गात ही कादंबरी शिकवली. पण एवढं शहाणं वाक्य ना मला सुचलं, ना कुठल्या टीकाग्रंथात सापडलं. तेव्हा मात्र मी ‘हं’ म्हणून पान उलटलं होतं.

आता ते शेवटचे दिवस. मला शेवट माहीत होता. त्या माणसाच्या मागे कोणी उभं राहत नाही. तो एकटा पडतो आणि मग जे करतो ते तुमच्या जोडीदारानं केलं होतं तेच. मी आठवडाभर वाचन लांबवलं. डोकं दुखतंय म्हणून एक दिवस, पाहुणे आलेत म्हणून दुसरा दिवस. तुम्ही मात्र तीनला हजर.

त्या दुपारी तुम्ही बसलात आणि म्हणालात, "सगळ्यांनी सह्या केल्या. साचेखात्यात मी एकटा उरलो." अगदी सहज म्हणालात. "चल, वाच. आपल्या माणसाचं काय झालं बघू."

दाराच्या फटीतून काकू बघत होत्या. मी पुस्तक उघडलं, बोट ओळीवर ठेवलं, आणि खोटं बोलले.

मी सांगितलं की आपला माणूस मागे वळून बघतो आणि त्याला कळतं की कोणी येणार नाही. तो हत्यार भिंतीला टेकवून ठेवतो. सकाळी बायकोला उठवतो, बियाण्याचे कंद पोत्यात भरतो आणि दोघं नदी ओलांडून तीन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात जातात. तिथं त्याला कोणी ओळखत नाही. तो जमीन मागून घेतो आणि पुन्हा गराडू लावतो. इथं मला वाटलं की हे फार गोड होतंय, तुम्हाला संशय येईल. म्हणून मी जोडलं, "पहिल्या वर्षी काहीच आलं नाही."

तुम्ही विचारलंत, "नि दुसऱ्या वर्षी?"

"थोडं आलं."

"हं. गराडूला दुसरं वर्ष लागतंच." तुम्हाला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे तुम्ही असं म्हणालात की जणू जन्मभर तेच लावत आलात. मग डबा उघडून जेवलात. ओट्यावर आल्यापासून पहिल्यांदाच पुरा डबा संपला. मी घरात जाऊन मोरीत तोंड धुतलं आणि रडले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही सही करून आलात. महिन्याभरात भंवरकुआंला, कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या एका वसतिगृहात देखरेखीला लागलात. सगळे म्हणाले, बापू सुटला. मी तोंड भरून हो म्हणाले. पण आतून मला एक गोष्ट खात राहिली, बापूकाका, आणि तीच मी कधी सांगितली नाही. माणसानं वाकावं की न वाकावं हा आपला वाद मी खोटं बोलून जिंकले होते. तुम्ही तुमच्या जागी उभे होतात. तुमची बाजू त्या पुस्तकात होती, शेवटच्या पानापर्यंत होती, आणि मी ती तुमच्यापासून काढून घेतली. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, याचा फायदा मी घेतला. शाळा काढणाऱ्या गोऱ्यांनी त्या गावाशी ह्याहून वेगळं काय केलं होतं?

वर त्या खोट्यानं माझी पाठ सोडली नाही. त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तुम्ही गराडू घेऊन आमच्या दारात आलात आणि विचारलंत, "आपला माणूस काय करून राहिलाय?" मी दचकले. पुस्तक तर संपलं होतं. म्हणाले, "झोपडी बांधतोय." तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "दार कोणीकडे?" म्हणाले, पूर्वेला. तुम्ही मान हलवलीत.

मग ते दर वर्षीचंच झालं. तुम्ही मुलाकडे सुदामा नगरात गेलात, माझं लग्न झालं, मी कॉलेजात लागले, आणि आपल्या माणसाच्या शेजाऱ्याशी बांधावरून कटकटी झाल्या. त्याच्या मुलीच्या लग्नात किती गराडू द्यायचे, हे तुम्ही ठरवलंत. नातवाला गोऱ्यांच्या शाळेत घालायचं की नाही यावर आपण दोन हिवाळे भांडलो. मी म्हणत होते, तो कधीच घालणार नाही, त्याच्या स्वभावात बसत नाही. तुम्ही म्हणालात, "पाठव गं त्याला. शिकून येईल, आणि गराडू पण लावेल. दोन्ही येऊ शकतं माणसाला." ओट्यावर वाक म्हणणारी मी आणि नाही म्हणणारे तुम्ही, बाजू कधी बदलल्या कळलंही नाही. कॉलेजात तो दरवर्षी जुलैत मरायचा आणि सुदामा नगरात दरवर्षी डिसेंबरात गराडू काढायचा. दर वेळी तुमच्याकडून परतताना मी ठरवायचे, पुढच्या खेपेला सांगून टाकू. तुम्ही इतक्या विश्वासानं विचारायचात की धीर व्हायचा नाही.

तेराव्याला तुमच्याकडे फार लोक होते. सगळे गेल्यावर एक चाळिशीचा गृहस्थ दारात घुटमळत राहिला. बँकेत आहे म्हणाला, वसतिगृहात तुमच्या हाताखाली राहिलेला. काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "मेरा दो बार सिलेक्शन नहीं हुआ था आंटीजी. घर जाने का मुँह नहीं था. बापूजी ने कमरे में आकर चादर पर हाथ फेरा, बोले, बुनाई ढीली है. फिर वो गराडू वाले आदमी की कहानी सुनाई. बोले, पहले साल कुछ नहीं आता, दूसरे साल देख." तो डोळे पुसत होता. "हम सबको सुनाते थे, जिसका भी रिजल्ट बिगड़ता."

तो गेल्यावर मला बसवेना. ज्या खोट्याची मला लाज वाटत होती ते तुम्ही वीस वर्षं भंवरकुआंच्या खोल्या-खोल्यांतून वाटत होतात. काकू एकट्याच होत्या, तुमच्या पलंगावरची चादर काढत होत्या. मी म्हणाले, "काकू, एक सांगायचंय. ती गोष्ट तशी नाही. पुस्तकात तो माणूस मरतो. मी काकांना फसवलं."

काकूंनी चादरीची घडी घालणं काही थांबवलं नाही. "माहीत आहे," म्हणाल्या.

"तुम्हाला? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच. त्याच दिवशी, डबा धुवायला दिला तेव्हा." काकूंनी घडी छातीशी धरली आणि तुमच्यासारखी मान तिरकी केली. "म्हणाले, पोरगी रोज वाचते तेव्हा डोळे इकडून तिकडे फिरतात, साच्यातल्या धोट्यासारखे. आज डोळे एका जागी होते. धोटा बंद, आणि कापड निघून राहिलं होतं. म्हणजे पुस्तकात आपला माणूस वाचला नसणार."

बापूकाका, मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही माझे ओठ बघत होतात. तीस वर्षं धोट्यावर नजर ठेवलेला माणूस समोर बसलाय, हे मला एकदाही सुचलं नाही.

"मग बोलले का नाहीत मला?" मी विचारलं.

"मी पण हेच विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, कापड चांगलं होतं."

म्हणजे सही तुम्ही जाणूनबुजून केलीत. मी काही तुमच्याकडून काढून घेतलं नव्हतं. तो माणूस मेला, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही झोपडीचं दार कोणीकडे म्हणून विचारलंत, मुलीचं लग्न लावलंत, नातवाला शाळेत घातलंत. मी एकटीच खोटं रेटत होते असं नव्हतं. आपण दोघं मिळून ते चालवत होतो, आणि तुम्ही मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत. फार राग आलाय मला तुमचा. एवढी वर्षं पोटात ठेवून माझी गंमत बघितलीत. आणि आता हे भांडायला तुम्ही समोर नाही आहात, आणि दुसऱ्या कुणाशी भांडून ते भांडण होत नाही.

काकूंनी निघताना मला एक पिशवी दिली. गेलात त्याच आठवड्यात तुम्हीच आणून ठेवलं होतंत, ह्या हिवाळ्याचं पहिलं गराडू. ते मी तळलेलं नाही. आमच्या अंगणातल्या कुंपणाशी खड्डा केला, एक तुकडा लावला, वर आधाराला काठी रोवली. मला शेतीतलं तुमच्याइतकंच कळतं. तेव्हा यंदा काही येईल अशी आशा नाही.

त्या रविवारी तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर आता देते, मान वर करून, तुम्हाला ओठ दिसतील असं. आपला माणूस बरा आहे, बापूकाका. नातू शिकून परत आलाय. दोघं तीनच्या सुमारास शेतावर जातात. परवा नातवानं त्याला विचारलं, आजोबा, एवढं सगळं मोडलं तेव्हा तुम्ही काय केलंत? तो म्हणाला, एक पोरगी होती, ती वाचत बसली, आणि मी जेवलो.